गिझरवाला सहा-सात कामांची यादी देतो तेव्हा

कोल्हापूरच्या आर. के. नगरातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: बंगला दुमजली, गिझर २५ लिटरचा आणि २ किलोवॉटचा, वय आठ वर्षं. पाणी पूर्वीसारखं कडक येत नाही आणि खालच्या बाजूने थेंब थेंब गळतं. घरी आई एकट्याच असताना कारागीर आला, टॉर्च मारून पाच मिनिटांत पाहिलं आणि कागदावर यादी लिहून दिली: कॉइल कमजोर, थर्मोस्टॅट बदलायचा, ॲनोड रॉड संपलाय, सेफ्टी व्हॉल्व्ह गेलाय, टाकी ॲसिडने धुवायची, वायर नवी ओढायची आणि गच्चीवरच्या सोलरच्या सगळ्या नळ्या बदलायच्या. ‘नाहीतर सरळ नवीन घ्या,’ हेही वर. यातलं खरं किती, हा प्रश्न.

ताई, यातलं एखादं काम बहुधा लागेल, फार तर दोन. कुठलं, ते मी इथे बसून सांगू शकत नाही. त्या कारागिरालाही ते कळलेलं नाही, कारण त्याने खालचं झाकण उघडलेलं नाही आणि मीटर लावलेला नाही. गिझरमधला प्रत्येक बिघाड मोजता येतो किंवा डोळ्यांनी दाखवता येतो. ज्याने मोजलं नाही त्याने सांगितलेला बिघाड हा अंदाज, आणि आपल्या अंदाजाचे पैसे कारागिराने गिऱ्हाइकाकडून घेऊ नयेत.

सुरुवात ‘कॉइल कमजोर’पासून करतो, कारण हे वाक्य कोल्हापुरात घरोघरी ऐकू येतं. कॉइल सहसा कमजोर होत नाही. ती चालू असते, तुटलेली असते, नाहीतर तिच्या नळीला चीर जाऊन करंट पाण्यात उतरत असतो. २ किलोवॉटच्या कॉइलचा रोध २३० व्होल्टच्या हिशेबाने साधारण २६ ओहम येतो. वायर सोडवून मल्टिमीटर लावला आणि २५-२७ च्या आसपास आकडा दिसला तर कॉइल ठणठणीत. काहीच आकडा आला नाही तर तुटली. गिझर लावल्या लावल्या घरातला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर नळीला चीर गेल्याचा संशय घ्यायचा आणि मेगरने, म्हणजे करंटची गळती शोधणाऱ्या मीटरने तपासायचं. या दोन्ही वेळी कॉइल बदला, घासाघीस करू नका. मधली ‘थोडी कमजोर’ अशी अवस्था दाखवणारं माप मी कुणाच्या मीटरवर पाहिलेलं नाही.

मल्टिमीटर नसला तरी चालतं. घरातला फ्रिज, पंखे, पंप सगळं बंद करा, गिझरमधलं पाणी पूर्ण गार असताना वीज मीटरचा आकडा लिहून घ्या आणि गिझर अर्धा तास चालवा. २ किलोवॉट अर्धा तास म्हणजे १ युनिट. आकडा एकच्या आसपास पुढे गेला तर कॉइल आपलं काम पूर्ण करतेय. २५ लिटर पाणी २२ अंशांवरून ६० पर्यंत न्यायला १.१ युनिट लागतं, म्हणजे सुमारे ३३ मिनिटं. तुमच्या गिझरचा दिवा अर्ध्या-पाऊण तासाने विझत असेल तर तापण्यात खोट नाही. दहा मिनिटांतच विझतो आणि पाणी कोमट राहतं, असं असेल तर थर्मोस्टॅटकडे, म्हणजे ठरलेल्या तापमानाला कॉइल बंद करणाऱ्या भागाकडे बघायचं, पण त्याआधी त्याचा खटका कुणी कमी करून ठेवलाय का ते बघा. उन्हाळ्यात कमी केलेला खटका डिसेंबरपर्यंत तसाच राहतो.

व्होल्टेजचाही विचार करा. सकाळी सहा-सातला अख्ख्या गल्लीचे गिझर आणि पाण्याच्या मोटारी एकदम सुरू होतात. २३० चे १९० व्होल्ट झाले तर कॉइलची ताकद ३२ टक्क्यांनी उतरते आणि ३३ मिनिटांचं काम ४८ मिनिटांवर जातं. यात गिझरचा दोष काहीच नाही. दुपारी पाणी पटकन तापतं आणि सकाळीच वेळ लागतो, असं असेल तर कारण बहुतेक हेच.

पाणी कडक न येण्याचं, आणि फारसं कुणी न तपासण्याचं कारण बाथरूमच्या भिंतीत असतं. मिक्सर किंवा डायव्हर्टर (गरम-गार पाणी एकत्र करणारा नळ) आतून झिजला की गार पाणी गरम लाइनीत शिरतं. गारच्या लाइनीला प्रेशर पंप बसवलेला असेल तर जास्तच. गिझर ६० अंशांचं पाणी देतो आणि नळाला ४० चं येतं. याची तपासणी फुकटात होते. गिझर बंद करा, त्याच्याकडे जाणारा गार पाण्याचा कॉक फिरवून पूर्ण बंद करा आणि गरमचा नळ सोडा. एखाद्या क्षणात धार थांबली पाहिजे. धार सुरूच राहिली तर ते पाणी गिझरमधून येतच नाहीये, गारच्या लाइनीतून उलटं येतंय. मग प्लंबरला बोलवा, गिझरवाल्याला नको. मिक्सरच्या आतलं कार्ट्रिज बदलून भागतं तिथे नवा गिझर बसवून गेलेले लोक मला माहीत आहेत. नव्या गिझरचंही पाणी कोमट आलं की त्याच कारागिराने ‘मोठा घ्यायला हवा होता’ म्हणायचं, हे ठरलेलं.

फरशी किंवा टाइल्सचं काम नुकतं झालं असेल तर आणखी एक गोष्ट बघा. निळ्या खुणेच्या तोंडाला गार, लाल खुणेच्या तोंडाला गरम. गवंडीकामाच्या गडबडीत पाइप उलटे जोडले गेले की पहिला तांब्या गरम आणि पुढे नुसतं कोमट. पाइप अदलाबदल केले की काम संपलं.

२५ लिटरचा गिझर ६० अंशांवर बंद होत असेल तर गार पाणी मिसळून ४० अंशांचं पाणी हिशेबाने पन्नासेक लिटर व्हायला हवं, प्रत्यक्षात दोन बादल्या आरामात. तेवढं मिळत असेल तर ‘पूर्वीसारखं येत नाही’ याचा अर्थ घरातली माणसं वाढली किंवा थंडी वाढली, एवढाच असू शकतो.

आता गळतीकडे येतो. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की साधारण पावणेचारशे मिलिलिटरने वाढतं. सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये पाणी मागे जाऊ न देणारी झडप असते, त्यामुळे वाढलेलं पाणी वरच्या टाकीकडे परत जाऊ शकत नाही. दाब वाढला की व्हॉल्व्ह थोडं पाणी बाहेर सोडतो, त्याचं ते कामच आहे. म्हणून गिझर चालू असतानाच थेंब पडत असतील आणि बंद केल्यावर थांबत असतील तर व्हॉल्व्ह ठीक आहे. त्याला बारीक नळी लावून मोरीत सोडा. गिझर बंद असताना दिवस-रात्र टपटप चालू असेल तर आत कचरा अडकलाय किंवा सील झिजलंय, मग बदला. पण त्या तोंडावर एम-सील लावून किंवा खिळा ठोकून बंद करणारे महाभाग आहेत, तसं चुकूनही करू नका. थर्मोस्टॅट कधी अडकला तर टाकीतला दाब बाहेर जायची ती मुख्य वाट असते.

थेंब व्हॉल्व्हमधून नसतील तर मेन स्विच बंद करून झाकण काढायला सांगा. कॉइलच्या चकतीभोवती ओल असेल तर गॅस्केट, म्हणजे सांध्यातलं रबर गेलंय, ते स्वस्तातलं काम. कवचाच्या सांध्यातून, इन्सुलेशनमधून तांबूस पाणी झिरपत असेल तर मात्र टाकीला भोक पडलंय. तिथे नवीन गिझर हाच मार्ग. ‘उद्यमनगरातून वेल्डिंग करून आणतो’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. उद्यमनगरच्या कारखान्यांत काय वाटेल ते बनतं हे खरं, पण आतून काचेचा मुलामा दिलेली टाकी वेल्डिंगच्या उष्णतेने मुलामा गमावते आणि काही महिन्यांत शेजारीच दुसरं भोक पडतं. नवीन घेण्याआधी वॉरंटी कार्ड काढा. टाकीची वॉरंटी इतर भागांपेक्षा जास्त वर्षांची असते, आणि कार्डावरचाच नंबर लावा. इंटरनेटवर ‘अधिकृत सर्व्हिस सेंटर’ म्हणून जे पहिलं दिसतं ते कंपनीचंच असेल याची खात्री नसते.

चुन्याचा, म्हणजे क्षाराचा विषय जरा सविस्तर घ्यावा लागतो, कारण इथे आपला जिल्हा एकसारखा नाही. शहरात पंचगंगेचं किंवा काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं पाणी येतं. हे नदी-धरणाचं पाणी, त्यात क्षार बेताचे. या पाण्यावरचा गिझर दरवर्षी उघडून खरवडायची गरज नसते, चार-पाच वर्षांनी एकदा बघितलं तरी पुष्कळ. शिरोळ, हातकणंगले भागात बोअरवर जा, तिथे पाणी मचूळ, साबणाला फेस येत नाही, आणि दोन वर्षांत कॉइलवर बोटभर पांढरा थर बसलेला दिसतो. तिथल्या कारागिराने ‘दरवर्षी साफ करा’ म्हटलं तर तो बरोबर सांगतोय. तेच वाक्य शहरात राजारामपुरीत महापालिकेच्या पाण्यावर सरसकट सांगणारा फसवतोय, नाहीतर त्याने पाणी कुठलं हे विचारलेलं नाही. तुमच्या बंगल्यात बोअर आहे का, आणि ते वरच्या टाकीत मिसळलं जातं का, हे तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही. शहरातल्या बऱ्याच घरांत उन्हाळ्यात तसं होतं. यादीतल्या दोन कामांचं उत्तर त्यावर ठरेल.

क्षारामुळे ‘बिल वाढतं’ असंही सांगतात. विजेच्या टाकीवाल्या गिझरला ते जवळजवळ लागू नाही. कॉइल पाण्यातच बुडालेली असते, तिची उष्णता थराच्या आतून का होईना, पाण्यातच जाते. थराने नुकसान होतं ते कॉइलचं. ती आतल्या आत जास्त तापते आणि लवकर जळते. तापताना टाकीतून खदखद, टकटक आवाज येत असेल तर थर बसलाय असं समजा. गॅस गिझर आणि पत्र्याच्या पट्ट्यांच्या जुन्या सोलरचं गणित वेगळं आहे. तिथे थर बसला की उष्णता पाण्यात न जाता बाहेर जाते, म्हणून त्यांची सफाई खरोखर पैसे वाचवते.

सफाई म्हणजे झाकण काढून हाताने खरवडणं किंवा सायट्रिक ॲसिडसारखं सौम्य द्रावण. बाथरूम धुण्याचं ॲसिड टाकीत ओतू देऊ नका. त्यातलं क्लोराइड स्टीलच्या टाकीला बारीक खड्डे पाडतं. जुन्या वाड्यांत तांब्याचे बंब होते, ते चिंचेने घासले जायचे आणि पिढ्यान्‌पिढ्या चालायचे. त्या आज्यांना धातू कळत होता.

ॲनोड रॉड मॅग्नेशियमचा असतो, टाकीऐवजी तो स्वतः झिजतो. त्याची तपासणी करायची ती बाहेर काढूनच. निम्म्याहून जास्त उरला असेल तर परत बसवायचा, आतली तार दिसायला लागली असेल तर बदलायचा. आठ वर्षांत एकदाही बदलला नसेल तर तुमचा झिजलेला असण्याची शक्यता बरीच आहे, तेवढ्यापुरता कारागीर बरोबर ठरू शकतो. मात्र काही मॉडेलमध्ये हा रॉड नसतोच, आणि त्याचेही पैसे बिलात लागलेले मी पाहिलेत. काढलेला तुकडा हातात मागा.

वायरीबद्दल: २ किलोवॉटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो. २.५ स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर आणि १६ अँपिअरचा सॉकेट त्याला पुरतो. सॉकेट काळा पडला असेल, प्लग हाताला चटका देत असेल तर तेवढा भाग बदला. अख्खी वायर ओढायचं काही कारण मला दिसत नाही.

सोलरच्या ‘सगळ्या नळ्या’ हे तर सगळ्यात सोपं तपासणं. प्रत्येक काचेच्या नळीच्या खालच्या टोकाला आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो. आतली निर्वात पोकळी शाबूत आहे तोवर तो चंदेरी राहतो. हवा शिरली की दुधासारखा पांढरा होतो. टोपी ढिली करून बघावं लागेल, पण वर चढलेल्या माणसाला एकेक नळी दाखवायला सांगा, किंवा फोनवर फोटो काढून आणायला सांगा. पांढऱ्या झाल्यात तेवढ्याच बदला. दुपारी उन्हात हात लावूनही कळतं: चांगली नळी बाहेरून गार लागते, गेलेली गरम. सगळ्या नळ्या एकदम जाणं हे गारपीट झाली किंवा माकडं नाचली तर होतं, एरवी नाही. सोलरचं पाणी कमी तापायला धूळ, शेजारी उठलेल्या इमारतीची सावली, आणि जून ते सप्टेंबर हा आपला पाऊस एवढी कारणं पुरेशी आहेत. गच्चीपासून तळमजल्यापर्यंतच्या पंधरा मीटर पाइपात रात्रभर साधारण चार लिटर पाणी गार होऊन बसतं. ते आधी निघून जाईपर्यंत ‘सोलर बंद पडला’ असं घरच्यांना वाटतं.

एवढं सगळं वाचून ‘कारागीर चोर असतात’ असा निष्कर्ष काढाल, म्हणून आमच्या धंद्याची दुसरी बाजू सांगतो. फोनवर पहिला प्रश्न असतो, ‘व्हिजिटचे किती घेता?’ दोनशे-तीनशे सांगितले तरी, ‘नुसतं बघायचे पैसे?’ असं ऐकावं लागतं. तोच माणूस पार्टच्या नावाने दीड हजार विनातक्रार देतो, कारण हातात वस्तू दिसते. रंकाळ्यापासून उचगावपर्यंत गाडी मारायची, झाकण उघडायचं, मोजायचं, आणि ‘मिक्सरचा दोष आहे, गिझर चांगला आहे’ असं खरं सांगायचं, तर त्या दिवशी पेट्रोलही निघत नाही. मग मजुरी पार्टमध्ये लपवायची सवय लागते, आणि जो पार्ट लागत नाही तोही सुचायला लागतो. दुसरं कारण भीतीचं. थर्मोस्टॅट एकटा बदलला आणि पंधरा दिवसांत कॉइल गेली तर गिऱ्हाईक म्हणतं, ‘तुम्हीच काहीतरी केलंत.’ तो वाद टाळायला नवशिका पोरगा सगळंच एकदम बदलून मोकळा होतो. त्याला फसवायचं नसतं, त्याला परत यायचं नसतं. पण पैसे तुमचेच जातात.

म्हणून फोन करतानाच सांगा: ‘तपासणीचे तुमचे जे होतील ते देतो, दुरुस्ती झाली नाही तरी देतो. झाकण उघडून, मीटर लावून, काय आलं ते लिहून द्या.’ निम्मे लोक इथेच गळतात. जो ‘हो’ म्हणतो त्याला धरून ठेवा आणि त्याची तपासणीची फी कापू नका. आई एकट्या असताना फक्त बघू द्यायचं, काम तुम्ही घरी आल्यावर. ‘आजच केलं नाही तर टाकी फुटेल’ अशी घाई करणाऱ्याला स्विच बंद करायला लावा. स्विच आणि पाण्याचा कॉक बंद असलेला गिझर एक रात्र थांबू शकतो.

काही गोष्टी मात्र अशा आहेत, ज्या लोकांना उगाच वाढवलेलं काम वाटतात आणि ज्यांना नाही म्हणणं जिवावर बेतू शकतं. पेठांतल्या जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे अर्थिंगची तार नसते. कारागिराने अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी सुचवला तर तो तुमच्या भल्याचं बोलतोय. गॅस गिझर बंद बाथरूममध्ये असेल आणि कुणी तो बाहेर काढायला सांगितलं तर त्याच आठवड्यात काढा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. त्याच गॅस गिझरचं ‘किट गेलंय, अठराशे रुपये’ असं कुणी म्हणालं तर मात्र आधी खालच्या डबीतले दोन मोठे सेल नवीन टाकून बघा. ठिणगी सेलवर पडते, आणि वर्षभर कुणी ते बदललेले नसतात.

तर तुमच्या घरी या क्रमाने जा: कॉक बंद करून मिक्सरची तपासणी, वीज मीटरवर अर्ध्या तासाची तपासणी, थेंब कधी आणि कुठून पडतात ते बघणं. तिन्ही तुम्ही स्वतः रविवारी सकाळी करू शकता. मग तपासणीचे पैसे देऊन झाकण उघडून घ्या, ॲनोड आणि गॅस्केट डोळ्यांनी बघा. टाकी सुकी असेल तर दुरुस्तीच करा, जोवर खर्च नव्या गिझरच्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या आत आहे तोवर. पक्कं बिल मागा, त्यावर पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. बिल द्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. टाकीच गळत असेल तर नवीन घ्या, आयएसआय खूण बघून. दुकानात ‘हाय प्रेशर मॉडेलच घ्या’ म्हणतील. ते उंच इमारतींसाठी लागतं, दर दहा मीटर उंचीला सुमारे १ बार दाब येतो म्हणून. गच्चीवरच्या टाकीचं पाणी प्रेशर पंपाशिवाय खाली येणाऱ्या दुमजली बंगल्यात दाब १ बारसुद्धा भरत नाही, त्यासाठी जादा पैसे मोजू नका.